पॉड पडला तर आधी काय बघायचं: क्लस्टरवर नव्याने आलेल्यांसाठी

रात्री पावणेदोनला फोन वाजतो आणि पलीकडून टीममधला नवा मुलगा घाईघाईने विचारतो, "ताई, पॉड मेलाय. डिलीट करू का?" पॉड म्हणजे कुबरनेटीज या सॉफ्टवेअरने मशीनच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, चालू ठेवलेली ॲपची एक प्रत. माझं उत्तर ठरलेलं असतं: थांब. आधी वाच, मग मला सांग काय दिसतंय.

मी ठाण्यात राहते आणि ऐरोलीला कामाला जाते. ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात दर वर्षी सांगली, जळगाव, लातूरहून मुलंमुली येतात, आयटी पार्कात किंवा डेटा सेंटरच्या आसपास कामाला लागतात आणि दोन-तीन महिन्यांत त्यांच्या हाती रात्रपाळीचा फोन येतो. कुबरनेटीज त्यांनी कोर्समध्ये शिकलेलं असतं. बिघडलेलं कुबरनेटीज मात्र कोणी दाखवलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कमांड मी फोनवर सांगते तशाच उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

"थांब" का म्हणते, तेही सांगते. वागळे इस्टेटमधल्या माझ्या पहिल्या नोकरीत एका रात्री मी एकामागून एक तीन पॉड डिलीट केले. नवे पॉड आले, ॲप वीसेक मिनिटं चाललं आणि पुन्हा पडलं. सकाळी सगळ्यांनी विचारलं, कशामुळे पडलं होतं? माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. पॉडबरोबर त्याचे लॉग (ॲपने लिहिलेल्या नोंदी) गेले होते आणि क्लस्टरच्या इव्हेंट्सही (काय काय घडलं याच्या क्लस्टरने ठेवलेल्या नोंदी) पुसल्या गेल्या होत्या. त्या रात्री पुरावा समोर होता, तो मीच घालवला. खरं कारण सापडायला आणखी चार रात्री लागल्या.

क्लस्टरच्या स्वभावाची एक गोष्ट आधी लक्षात घ्या. कुबरनेटीज गूगलने २०१४ साली सर्वांसाठी खुलं केलं, २०१५च्या जुलैमध्ये त्याची १.० आवृत्ती आली. हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. तुम्ही त्याला "मला या ॲपच्या तीन प्रती चालू हव्यात" एवढं सांगता आणि तीन प्रती चालू होईपर्यंत ते प्रयत्न करत राहतं. त्यामुळे बिघाड झाला की तीच चूक पुन्हापुन्हा घडताना दिसते आणि प्रत्येक वेळी क्लस्टर कुठे ना कुठे कारण लिहून ठेवतं. ते कारण कुठे लिहिलंय हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

एक उदाहरण धरू. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या व्यापाऱ्यांना रोजचे भाव मोबाईलवर दाखवणारं एक छोटं ॲप आहे. त्यात 'भाव-एपीआय' नावाची सेवा, तिच्या मागे डेटाबेस आणि पुढे वेबपान. वापर सगळ्यात जास्त पहाटे, बाजाराच्या वेळी. आता ते बंद पडलंय.

पायरी १: आपण कुठे उभे आहोत?

क्यूबसीटीएल म्हणजे क्लस्टरशी बोलायची कमांड. 'क्यूबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट' चालवा. टेस्टिंगच्या क्लस्टरवर आहात की प्रॉडक्शनच्या (खरी गिऱ्हाइकं वापरतात त्या), हे डोळ्यांनी बघा. मग 'क्यूबसीटीएल गेट पॉड्स' आणि त्यापुढे डॅश-एन देऊन नेमस्पेसचं, म्हणजे क्लस्टरमधल्या आपल्या कप्प्याचं, नाव. नेमस्पेस विसरलात तर डिफॉल्टमध्ये काहीच सापडलं नाही असं उत्तर येतं, आणि नवखा माणूस सगळंच उडालं असं समजून घाबरतो.

त्याच कमांडला 'डॅश-ओ वाइड' जोडलं की कुठला पॉड कुठल्या नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) आहे ते दिसतं. एकच पॉड आजारी आहे की तिन्ही? तिन्ही आजारी असतील तर ॲप, त्याची सेटिंग किंवा डेटाबेस. वेगवेगळ्या ॲपचे पॉड एकाच नोडवर पडले असतील तर नोड. मग 'रोलआउट हिस्टरी', म्हणजे ॲपच्या मागच्या आवृत्त्यांची यादी, बघा आणि टीमच्या ग्रुपवर विचारा: आज कोणी काही बदललं का? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा उत्तर "हो, संध्याकाळी एक छोटासा बदल केला होता" असंच येतं.

पायरी २: डिस्क्राइब, आणि लगेच कॉपी

'क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड' आणि पुढे पॉडचं नाव. लांबलचक मजकूर येईल. सगळ्यात खाली 'इव्हेंट्स' असतात, तिथून वाचायला सुरुवात करा. मधल्या भागात 'लास्ट स्टेट' दिसेल: आधीचा कंटेनर (पॉडच्या आत ॲप प्रत्यक्ष जिथे चालतं तो) का थांबला, कुठल्या एक्झिट कोडने (थांबताना मागे सोडलेल्या आकड्याने) थांबला, किती वाजता.

इव्हेंट्स साधारणपणे एकच तास टिकतात, वेगळी सेटिंग केली नसेल तर. म्हणून पहिलं काम, हा सगळा मजकूर एका फाइलमध्ये टाका. मग 'क्यूबसीटीएल लॉग्स' पॉडच्या नावासह, आणि तीच कमांड पुन्हा 'डॅश-डॅश प्रिव्हियस' लावून. नुसत्या लॉग्समध्ये आत्ता नव्याने उठलेला कंटेनर बोलतो. मेलेला कंटेनर शेवटी काय म्हणाला ते 'प्रिव्हियस'मध्ये मिळतं, आणि तेही फक्त लगेच आधीच्या कंटेनरचं. पॉडच डिलीट केलात तर नव्या पॉडला 'प्रिव्हियस' नावाचं काही उरत नाही.

लॉगमधली वेळ बघून गोंधळू नका. कंटेनरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं. आपल्याकडे रात्रीचे १:४५ असतील तेव्हा लॉगमध्ये आदल्या तारखेचे २०:१५ दिसतात. साडेपाच तास मिळवायचे.

पायरी ३: स्टेटसचा रकाना काय म्हणतो?

पेंडिंग म्हणजे पॉडला अजून नोडच मिळालेला नाही. त्यामुळे त्याचे लॉग शोधू नका, ते नसतातच. इव्हेंटमध्ये 'इनसफिशियंट सीपीयू' किंवा 'इनसफिशियंट मेमरी' दिसलं की नवी मुलं नोडचा वापर बघतात आणि म्हणतात, "पण ताई, नोड तर निम्मा रिकामा आहे." क्लस्टर जागा देताना प्रत्यक्ष वापर बघत नाही, पॉडने मागून ठेवलेली 'रिक्वेस्ट' बघतं. कोकणकन्येत ठाण्याला चढलात आणि पनवेलपर्यंत समोरची सीट रिकामी दिसली तरी ती कोणाच्या तरी नावावर आहे, तसंच. रिक्वेस्ट अवाच्या सवा लिहिल्या असतील तर त्या कमी करा, खरोखर लागत असतील तर नोड वाढवा. पेंडिंगची आणखी दोन नेहमीची कारणं म्हणजे हवी ती डिस्क न मिळणं आणि नोडवर 'टेंट' (पॉडना मज्जाव करणारी खूण) लावलेला असणं. दोन्ही इव्हेंटमध्ये स्पष्ट लिहिलेली असतात.

इमेजपुलबॅकऑफ असेल तर इमेज, म्हणजे ॲपचं तयार पॅकेज, नोडवर उतरवता येत नाहीये. इमेजचं नाव आणि टॅग एकेक अक्षर वाचा. बरोबर असेल तर खाजगी रजिस्ट्रीचं (इमेजच्या कोठाराचं) सीक्रेट, म्हणजे पासवर्डची नोंद, त्याच नेमस्पेसमध्ये आहे का ते पाहा, कारण एका नेमस्पेसमधलं सीक्रेट दुसऱ्याला दिसत नाही. 'टू मेनी रिक्वेस्ट्स' असा शब्द दिसला तर डॉकर हब या सार्वजनिक रजिस्ट्रीची इमेज उतरवून घेण्याची मर्यादा संपलेली असते.

क्रिएटकंटेनरकॉन्फिगएरर असेल तर पॉड ज्या कॉन्फिगमॅपचं (सेटिंगच्या नोंदीचं) किंवा सीक्रेटचं नाव घेतोय ते अस्तित्वात नाही, किंवा त्यात हवी ती नोंद ('की') सापडत नाही. इव्हेंटमध्ये नाव असतं, ते बनवा, पॉड आपोआप पुढे सरकतो.

क्रॅशलूपबॅकऑफ

इथे जरा थांबू, कारण रात्रीचे फोन मुख्यतः याचेच असतात.

क्रॅशलूपबॅकऑफ हे कारण नव्हे. कंटेनर उठला, पडला, पुन्हा उठला, पुन्हा पडला, आणि आता क्लस्टर पुढच्या प्रयत्नाआधी थांबलाय, एवढाच त्याचा अर्थ. सर्वसाधारणपणे आधी १० सेकंद, मग २०, ४०, ८०, १६० आणि शेवटी ५ मिनिटांवर येऊन हे थांबणं स्थिरावतं. म्हणून दुरुस्ती केल्यावरही पॉड लगेच उठला नाही तर दुरुस्ती चुकली असं मानू नका, तो कदाचित वाट बघत असेल.

कारण एक्झिट कोडमध्ये असतं. १ असेल तर ॲपने स्वतःच चूक दाखवून काम सोडलं, लॉग वाचा. १२७ असेल तर सुरुवातीची कमांडच सापडली नाही. ० पाहून पुष्कळ जण चकित होतात. प्रोग्राम व्यवस्थित संपला, पण डिप्लॉयमेंटला (ठरलेल्या प्रती चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेला) तो सतत चालू हवा असतो, म्हणून संपला की पुन्हा उठवला जातो. असं काम जॉबमध्ये, म्हणजे चालून संपणाऱ्या कामांच्या सोयीत, टाकायला हवं होतं. लॉगमध्ये 'एक्झेक फॉरमॅट एरर' एवढी एकच ओळ असेल तर इमेज बनवणाऱ्याला विचारा, नवा मॅकबुक आहे का? आर्म चिपवर बनवलेली इमेज इंटेल किंवा एएमडीच्या नोडवर चालत नाही.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे बाहेरून सक्तीने मारलं गेलं. हा आकडा दिसला की सगळे "मेमरी!" म्हणून ओरडतात. घाई करू नका, त्याच्या शेजारचं 'रीझन' वाचा. तिथे 'ओओएमकिल्ड' असेल तर खरंच मेमरीची मर्यादा ओलांडली गेली. नुसतं 'एरर' असेल तर बऱ्याचदा असं झालेलं असतं: लाइव्हनेस प्रोब (ॲप जिवंत आहे का, ही ठरावीक वेळाने होणारी तपासणी) नापास झाला, क्लस्टरने ॲपला थांबायला सांगितलं, ॲप ३० सेकंदांत थांबलं नाही, म्हणून मारलं. दोन्हीकडे आकडा १३७, उपाय मात्र अगदी निराळे.

मेमरीच्या बाबतीत दोन खड्डे मी पुन्हापुन्हा पाहिलेत. पहिला जावाचा. कंटेनरला ५१२ एमबीची मर्यादा आणि जावाच्या हीपलाही (प्रोग्रामचा डेटा ठेवायच्या मेमरीलाही) ५१२. हीपशिवाय थ्रेड, क्लासेस आणि बाकीच्या गोष्टींना जागा कुठे उरली? मी हीप मर्यादेच्या सुमारे तीन-चतुर्थांश ठेवते आणि मग वापर पाहून हलवते. दुसरा खड्डा अक्षराचा. मेमरी लिहिताना आकड्यापुढे मोठा एम आणि छोटा आय लिहायचा असतो. ५१२पुढे नुसता छोटा एम लिहिलात तर कुबरनेटीज त्याला हजारावा भाग समजतं, म्हणजे तुम्ही अर्ध्या बाइटची मर्यादा घातलीत. सीपीयूसाठी तोच छोटा एम बरोबर असतो, ५०० एम म्हणजे अर्धा कोअर, म्हणून हात तिकडे वळतो. सीपीयूची मर्यादा ओलांडली तर पॉड मरत नाही, मंदावतो, हेही इथेच लक्षात ठेवा.

आता सीक्रेटची गंमत नव्हे, खरी डोकेदुखी. लॉगमध्ये येतं की डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा. सगळे शपथेवर सांगतात की पासवर्ड बरोबर आहे. आणि तो बरोबर असतोही! सीक्रेट हाताने बनवताना कोणीतरी 'इको' कमांडचं उत्तर बेस६४मध्ये (डेटा साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) बदललेलं असतं, आणि 'इको' शेवटी एक नवी ओळ जोडतं. पासवर्डच्या मागे ती न दिसणारी ओळ चिकटते. 'इको'ला डॅश-एन लावा, किंवा सरळ 'क्यूबसीटीएल क्रिएट सीक्रेट' वापरा म्हणजे बेस६४चं काम तेच करेल.

आणि लाइव्हनेस प्रोब. यावर माझं मत ठाम आहे: लाइव्हनेस प्रोबने डेटाबेसला हात लावू नये. आपल्या भाव-एपीआयचंच बघा. पहाटे गर्दी वाढली, डेटाबेस मंदावला. प्रोब डेटाबेसला विचारून उत्तर देतो, आणि वेगळं काही लिहिलं नसेल तर त्याला उत्तरासाठी १ सेकंद मिळतो. १० सेकंदांच्या अंतराने तीनदा उशीर झाला की क्लस्टर कंटेनर पुन्हा सुरू करतं. तिन्ही पॉडचं एकाच वेळी तेच होतं. उठल्याउठल्या तिघंही डेटाबेसकडे नव्या जोडण्या मागतात, तो आणखी मंदावतो. मूळ दुखणं डेटाबेसचं, आणि पॉड मात्र फुकट मरत राहतात. लाइव्हनेसने "मी जिवंत आहे का" एवढंच विचारावं. "मी गिऱ्हाईक घ्यायला तयार आहे का" हे रेडिनेसला विचारू द्या, तो नापास झाला तर पॉड मरत नाही, फक्त त्याच्याकडे रहदारी जात नाही. ॲप उठायलाच वेळ घेत असेल तर स्टार्टअप प्रोब लावा.

पायरी ४: पॉड 'रनिंग' आहे, तरी ॲप उघडत नाही

'रेडी' रकाना बघा. ०/१ असेल तर रेडिनेस नापास आहे, डिस्क्राइब वाचा. १/१ असेल तर पॉडपासून बाहेरच्या दिशेने एकेक दार तपासत जायचं.

पहिलं दार सर्व्हिस, म्हणजे पॉडकडे रहदारी वळवणारा ठरलेला पत्ता. 'क्यूबसीटीएल गेट एंडपॉइंटस्लाइसेस' चालवा. सर्व्हिसच्या नावापुढे पत्तेच नसतील तर सर्व्हिसचा सिलेक्टर (पॉड निवडायची अट) आणि पॉडचं लेबल जुळत नाही. एकात 'भाव-एपीआय' आणि दुसऱ्यात 'भावएपीआय' असं असतं आणि डोळ्याला ते पटकन दिसत नाही. पत्ते असतील तर 'टार्गेटपोर्ट' आणि ॲप खरोखर ऐकत असलेला पोर्ट एकच आहे ना, ते बघा.

मग पॉडला थेट 'पोर्ट-फॉरवर्ड' करून लॅपटॉपवरून उघडून पाहा. उघडलं नाही तर दोष ॲपमध्ये. उघडलं तर सहसा दोष सर्व्हिस किंवा इनग्रेसमध्ये (बाहेरच्या वेब विनंत्या आत घेणाऱ्या दारात), पण एक अपवाद आहे आणि त्यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे. ॲप फक्त १२७.०.०.१वर (पॉडच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावर) ऐकत असेल तर पोर्ट-फॉरवर्ड चालतं, कारण ते पॉडच्या आतूनच जोडलं जातं. सर्व्हिसकडून येणारी विनंती पॉडच्या बाहेरच्या पत्त्यावर येते आणि तिथे ऐकणारं कोणी नसतं. ॲपला ०.०.०.०वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर, ऐकायला लावा.

पुढचं दार इनग्रेस. एनजिनएक्स इनग्रेसवर ५०३ दिसलं तर मागे तयार पॉड आहेत का ते आधी बघा, ५०२ दिसलं तर पोर्ट, ५०४ दिसलं तर ॲप उत्तरच वेळेत देत नाहीये.

एका सेवेला दुसरी सापडत नसेल तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा. दुसऱ्या नेमस्पेसमधल्या सेवेला नुसत्या नावाने हाक मारता येत नाही, नावापुढे टिंब देऊन नेमस्पेसचं नाव लावावं लागतं. नेटवर्क पॉलिसी (कोणी कोणाशी बोलायचं याचे नियम) नुकतीच लावली असेल तर बाहेर जाण्याची वाट बंद करताना डीएनएसचा ५३ नंबरचा पोर्टही बंद झाला नाही ना, हे विचारा. तसं झालं तर सगळीच नावं सापडेनाशी होतात.

हे तपासायला पॉडच्या आत जावं लागतं, आणि हल्लीच्या सुटसुटीत इमेजमध्ये शेलच (कमांड टाइप करायची सोयच) नसतं. तेव्हा 'क्यूबसीटीएल डीबग' वापरा. चालू पॉडला ते हत्यारं असलेला एक तात्पुरता कंटेनर जोडतं. १.२५ आवृत्तीपासून ही सोय पक्की झाली आहे.

पायरी ५: नोड

'क्यूबसीटीएल गेट नोड्स'. 'नॉट रेडी' असेल तर प्लॅटफॉर्म टीमला उठवा, नवख्याने तिथे एकट्याने हात घालू नये. नोड गेल्यावर त्याच्यावरचे पॉड दुसरीकडे हलायला साधारण पाच मिनिटं जातात. पॉड 'इव्हिक्टेड' (नोडवरून हाकललेले) दिसत असतील तर बऱ्याचदा नोडची डिस्क भरलेली असते.

पायरी ६: आता हात लावा

पुरावा फाइलमध्ये आहे, कारणाचा अंदाज आलाय. प्रॉडक्शन बंद असेल आणि संध्याकाळच्या बदलावर संशय असेल तर 'रोलआउट अनडू' करा, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परत जा. व्यापारी पहाटे भाव बघणार आहेत, मुळाशी जाणं सकाळीही होईल. डिप्लॉयमेंट सहसा मागच्या १० आवृत्त्या जपून ठेवतं. पण कॉन्फिगमॅप, सीक्रेट आणि डेटाबेसमधले बदल अनडूबरोबर मागे जात नाहीत. ते कोणी बदलले असतील तर हाताने परत करावे लागतात. कॉन्फिगमॅपमधून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल घेणाऱ्या पॉडला नवी किंमत 'रोलआउट रीस्टार्ट' केल्याशिवाय दिसत नाही, हे विसरून पुष्कळ जण "बदललं तरी काही होत नाही" म्हणत बसतात.

आजारी पॉड चालू अवस्थेत तपासायचा असेल तर त्याचं लेबल बदला, उदाहरणार्थ 'तपास' ठेवा. सर्व्हिस त्याच्याकडे रहदारी पाठवणं थांबवते, डिप्लॉयमेंट त्याच्या जागी नवा पॉड उभा करतं आणि जुना तुमच्यासाठी तसाच राहतो. डिलीट करायचा हात शिवशिवेल तेव्हा हे करा.

ठरावीक वेळेची कामं बिघडली असतील तर क्रॉनजॉबचं घड्याळही तपासा. टाइमझोन लिहिला नसेल तर पहाटे ४चं काम बहुधा यूटीसीच्या ४ला, म्हणजे आपल्या साडेनऊला चालतं आणि भाव बाजार ओसरल्यावर येतात. 'टाइमझोन'मध्ये 'एशिया/कोलकाता' लिहा, १.२७ आवृत्तीपासून हे खात्रीने चालतं.

सरावासाठी लॅपटॉपवर मिनिक्यूब किंवा काइंड (छोटा क्लस्टर चालवणारी साधनं) टाका आणि मुद्दाम मोडा. चुकीचा टॅग द्या, मेमरी अगदीच कमी द्या, सर्व्हिसच्या सिलेक्टरमधलं एक अक्षर बदला, सीक्रेट गायब करा. प्रत्येक वेळी डिस्क्राइब काय दाखवतं ते वहीत लिहा. एका रविवारच्या दुपारी हे सगळं होतं, आणि तीच लक्षणं रात्री पावणेदोनला दिसली की ओळखीची वाटतात.

शेवटचं काम, झोपायला जाण्याआधी सकाळच्या पाळीसाठी चार ओळी. वेळ आपल्या घड्याळाची लिहा आणि तसं नमूदही करा. मला आवडते ती नोंद अशी असते:

"रात्री १:४५ (भारतीय वेळ) भाव-एपीआयचे तिन्ही पॉड क्रॅशलूपमध्ये. एक्झिट कोड १३७, रीझन ओओएमकिल्ड. संध्याकाळच्या रिलीजमध्ये जावाचा हीप वाढवला होता, कंटेनरची मर्यादा तीच होती. २:१० ला मागच्या आवृत्तीवर नेलं, २:१४ पासून तिन्ही रेडी. कॉन्फिगमॅपला हात लावलेला नाही. डिस्क्राइब आणि प्रिव्हियस लॉग तिकिटाला जोडले आहेत. नव्या आवृत्तीचा एक पॉड 'तपास' लेबल लावून बाजूला ठेवला आहे, कृपया डिलीट करू नका."